चुन्याशिवाय गेरू

आमच्या पालिकेच्या बागेत आता फायबरची दोन हरणं आहेत. त्यातल्या एकाचं शिंग पहिल्याच महिन्यात कोणीतरी मोडलं. शेजारी व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत, ती खाऱ्या वाऱ्याने गंजायला लागलीत. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉकच्या मधोमध एक बुंधा आहे, गुडघ्याएवढा. त्याची मुळं कातळाच्या भेगांत इतकी आत गेलीत, की उपटायला गेलं तर शेजारची चिऱ्यांची भिंत कोसळेल, म्हणून तो राहिला. मुलं त्यावर चढतात आणि उडी मारतात. मला त्या बुंध्याबद्दल लिहायचं आहे. हरणांचा मला पहिल्यांदा फार राग यायचा, पण झाड काही त्यांनी तोडलं नाही.

माझे बाबा या बागेत माळी होते. बाबांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. बागेच्या खालच्या अंगाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, तिथे मी वाढले. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझं काय बाई, तुला घरचीच बाग. घरची कसली! सबंध बागेतलं एक फूल तोडायची आम्हाला मुभा नव्हती. मी एकदा कण्हेरीचं फूल केसांत माळून शाळेला निघाले, तर बाबांनी फाटकापर्यंत मागे येऊन ते काढून घेतलं आणि वर एक धपाटा दिला. "बाग पालिकेची हाय, तुज्या बापाची नाय," असं माझाच बाप मला सांगत होता.

आमची बाग उतारावर, निव्वळ कातळावर. घाटावर लोक झाड लावतात, इथे आधी माती लावावी लागते, असं बाबा म्हणायचे. पहार घेऊन कातळ फोडायचा, खड्डा करायचा, गाडीने आणलेली माती त्यात भरायची आणि मग झाड. त्यात समुद्र समोरच. गुलमोहर बिचारा वाऱ्याने वाकडा व्हायचा, आणि वरून आलेली नाजूक साहेबी रोपं तर पहिल्या वर्षीच करपायची. पश्चिमेच्या कोपऱ्यात कधी काही जगलंच नाही. तिथे उंडी जगली, आणि ती आईची.

आईचं माहेर हर्ण्याचं. तिच्या वडिलांची होडी होती, आणि होडीच्या लाकडाला उंडीच्या बियांचं तेल लावायची तिकडे पद्धत होती. एकदा माहेराहून येताना तिने ओंजळभर बिया आणल्या, माझ्यासाठी, गोट्या खेळायला. गोल गुळगुळीत बिया त्या, काचेच्या गोट्यांपेक्षा मला त्या आवडायच्या. त्यातली एक तिने डालड्याच्या डब्यात रुजत घातली. रोप वीतभर झालं तशी ती बाबांच्या मागे लागली, याला जागा द्या. बाबांनी तिलाही तेच ऐकवलं, बाग पालिकेची. पण रविवारी सुट्टीच्या दिवशी पहार घेऊन गेले आणि त्या उघड्या कोपऱ्यात खड्डा फोडून आले. बापाची बाग नव्हती खरी, पण बायकोपुढे कोणाचं काय चालतं!

उंडी सावकाश वाढते. ती माझ्याहून उंच व्हायला मला दहावीत जावं लागलं. त्याच सुमारास एक साहेब तपासणीला आले. हातात बागेतल्या झाडांची यादी. मोजता मोजता उंडीपाशी थांबले आणि म्हणाले, हे यादीत नाही, कोणी लावलं? बाबा खुरप्याची माती काढत राहिले. साहेब म्हणाले, पंधरा ऑगस्टच्या आत काढून टाका. बाबा म्हणाले, होय साहेब. त्या दिवशी आई जेवली नाही.

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी बागेतल्या सगळ्या झाडांना पट्टे काढायची रीत होती. मध्ये गेरू, खाली-वर चुना. गेरूत बाबा डिंक शिजवून घालत, म्हणजे तो सहसा धुपत नसे. कुंचला घरचा, नारळाचं सोडण ठेचून केलेला. हाताखालच्या माणसांना त्यांचं एकच सांगणं असे, की गेरू एकटा लावायचा नाही. चुन्याचा काठ नसेल तर झाड सोललेलं दिसतं. त्या वर्षी त्यांनी सगळ्या झाडांना पट्टे काढले आणि शेवटी उंडीलाही काढला, इतरांपेक्षा जरा जास्तच नेटका. झेंडावंदनाला साहेब आले. बागेतून फिरले, उंडीपाशी आले, पट्टा बघितला आणि पुढे गेले. पुढच्या यादीत उंडी आली.

"गेरू लागला की झाड पालिकेचं," बाबा तेव्हापासून सांगत राहिले. "मग कोणाच्या बापाची हात लावायची टाप नाय." एवढा मोठा विजय त्यांच्या आयुष्यात दुसरा झाला नाही, असं मला वाटतं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या शालीबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण या पट्ट्याची गोष्ट आल्यागेल्याला ऐकवायचे.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही जवळच भाड्याच्या जागेत आलो, आणि क्वार्टर पाडलं. आई रोज संध्याकाळी उंडीखाली जाऊन बसायची. आई गेल्यावर तिथे बाबा बसायला लागले. चार वाजले की टोपी घालून निघत. बोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेले एक चाचा मोहल्ल्यातून येत, ते आणि बाबा, दोघे तिथेच. फुलं आली की सगळा कोपरा घमघमायचा. घरात आईचा फोटो आहे, त्याला बाबांनी एकदाही हार घातला नाही. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "ती हितं कुटं हाय? ती तिकडं हाय." मी शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही (ते का, हा इथला विषय नाही), आणि आई गेल्यापासून बाबा आणि मी एकमेकांना सांभाळत होतो. खरं तर मी त्यांना सांभाळते असं मला वाटत होतं.

मग दिवाळीच्या आधी बागेच्या फाटकावर फलक लागला. सुशोभीकरण. बाग काही महिने बंद. बाबांनी तो फलक तीनदा वाचला आणि घरी येऊन म्हणाले, "चल माज्याबरोबर." मला रजा काढावी लागली. मी कुरकुरले आणि गेले.

पालिकेत बागेचं काम बघणारी इंजिनीअर एक तरुण मुलगी होती. मी अगदी भांडायच्या तयारीने गेले होते, पण तिने बाबांना खुर्ची दिली, काका म्हणाली, नकाशा टेबलावर पसरून दाखवला. पाच झाडं वाळवीने पोखरलेली आहेत, तेवढीच जाणार. उंडी राहणार, तिच्याभोवती बसायला गोल कट्टा होणार. बाबांनी नकाशावर त्या गोलावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं येतील. तोडायच्या झाडांवर खूण करतील, काळजी करू नका." खूण कसली, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. वर्गात मुलांनी नुसता आकडा लिहिला तर 'कसले पाच? आंबे की माणसं?' म्हणून मी त्यांना उभं करते. पण तिथे मला घाई होती.

घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "भायेरची माणसं येणार. तेंला काय म्हाईत कुटलं झाड कोणाचं. पट्टा काडून ठेवूया."

मला ते पटलं. हेच मला अजून खातं. मी शिकलेली बाई, पण गेरू लागला की झाडाला कोणी हात लावत नाही, हे मलाही तितकंच खरं वाटत होतं. लहानपणापासून तेच ऐकलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी रामआळीतून गेरू आणि डिंक घेतला. घरी आले तर बाबा सोडण ठेचून कुंचला करून बसलेले. पुडा सोडून बघितला आणि म्हणाले, "चुना?"

चुना मी विसरले होते.

"चुना कशाला हवा? गेरू पुरे झाला. तुम्हाला काय झेंडावंदन करायचंय तिथे?"

"चुन्याबिगर सोललेलं दिसतं गो."

"बाबा, माझ्या दोन वर्गांच्या वह्या तपासायच्या आहेत. आज गेरू लावा, चुना उद्या आणते."

बागेचा पहारेकरी ओळखीचा, त्याने आत सोडलं. बाबांनी वाकून, कमरेला एक हात लावून, घोट्यापासून मांडीपर्यंत गेरूचा पट्टा काढला. मला हात लावू दिला नाही. मी वह्यांचा विचार करत उभी होते. नुसता तांबडा पट्टा खरंच ओकाबोका दिसत होता, आणि ते माझ्या लक्षातही आलं होतं. उद्याचा चुना दुसऱ्या दिवशी राहिला, मग रविवारी राहिला, मग सहामाहीचे निकाल आले. बाबांनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही, कारण दुसऱ्यांदा मी त्यांच्यावर खेकसले होते.

साधारण तीन आठवड्यांनी, मी शाळेत असताना चाचांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "बाय, ये जरा बागेकडं. बापाला घेऊन येऊ नको."

मी पोचले तेव्हा उंडी आडवी पडली होती. फांद्या तोडून ढीग केला होता आणि खोडाचे तुकडे ट्रॅक्टरमध्ये चढत होते. मी ओरडले. मला माझाच आवाज ओळखू आला नाही. ठेकेदाराचा मुकादम धावत आला, घाटावरचा साधा माणूस, टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "म्याडम, लाल पट्टा हुता की हो. लाल पट्टा म्हंजी तोडायचं, आसं ठरल्यालं. ह्ये बगा." बाकीच्या पाच झाडांवर रंगाचा लाल पट्टा होता, ठसठशीत. "ह्येचा जरा फिक्का वाटला, पर म्हटलं रंग कमी पडला आसंल."

"काठाला चुना असता तर?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"तर मग कळलं आसतं की. तसं तर आमच्या गावाकडं बी रंगवत्यात, लाल-पांढरं. त्याला कोन हात लावतंय!"

मी त्या बुंध्यावर बसले आणि रडले. चाचा शेजारी नुसते उभे राहिले. इंजिनीअर मुलगी आली, तिचाही चेहरा पांढरा पडला होता. राखायच्या यादीतलं झाड कसं गेलं हे तिला कळेना, आणि मी तिला सगळं सांगितलं. मग म्हटलं, हे माझ्या वडिलांना कळता कामा नये. त्यांनी स्वतःच्या हाताने ती खूण केली, हे कळलं तर ते जगणार नाहीत.

घरी जाऊन मी खोटं बोलले. म्हटलं, यादी बदलली. नव्या पायवाटेच्या आड येत होतं, म्हणून आयत्या वेळी ठरलं.

बाबा खाटेवर बसले होते. म्हणाले, "असं?" मग म्हणाले, "कुटल्या अंगाला पडलं?"

"समुद्राकडे."

"बरं."

मी वाट बघत होते, आता ते भडकतील. नळाचा वायसर मिळावा म्हणून पालिकेकडे तीन अर्ज करणारा माणूस हा. फाटकाची कडी, कारंज्यातलं शेवाळ, कशावरही त्यांचा अर्ज तयार असायचा, आणि तो सुवाच्य अक्षरात मला लिहून द्यावा लागायचा. या वेळी त्यांनी अर्ज करायचं नाव काढलं नाही. कोणाला शिव्या दिल्या नाहीत. चार वाजले की टोपी घालायचे आणि तशीच घालून खाटेवर बसून राहायचे. मला हायसं वाटलं, आणि ते असे गप्प का, हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडसच नव्हतं. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

जानेवारीत ती इंजिनीअर मुलगी घरी आली, पिशवीत उंडीचं रोप घेऊन. मी तिला दारातच गाठून कुजबुजले, यादी बदलली म्हणून सांगितलंय, तेवढं सांभाळून घे. तिने मान हलवली. आत जाऊन बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, चूक आमची झाली. यादीत आयत्या वेळी बदल केला. मला माफ करा."

तिची काही चूक नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते आणि तिने माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलेलं ऐकत होते.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हसले, कितीतरी दिवसांनी. "होतं पोरी. काम करणाराच चुकतो. पन ह्ये काय, जानेवारीत झाड लावतात काय? मिरगापर्यंत सावलीत ठेव. आणि कातळात खड्डा दोन हात तरी खाली ने, नायतर मूळ वळतं." अर्धा तास तिला समजावत होते. तिने खरंच वहीत लिहून घेतलं.

रोप मिरगापर्यंत आमच्याकडेच ठेवून ती गेली. मी कपबशी उचलायला आले. बाबा रोपाच्या पानावरून बोट फिरवत म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. माजा गेरू आपल्या अंगावर घेतलान."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

झाड पडल्याच्या तिसऱ्याच दिवशी चाचा त्यांना रिक्षाने घेऊन गेले होते, पालिकेच्या नर्सरीच्या आवारात, जिथे खोडाचे तुकडे टाकले होते. बाबांनीच हट्ट केला होता, म्हणे. उंडीच्या सगळ्यांत खालच्या तुकड्यावर स्वतःचा पट्टा, आणि शेजारी पडलेल्या पाच झाडांच्या खोडांवर तसाच लाल पट्टा, बघून आले होते. म्हणजे मी यादीचं खोटं बोलले ते त्यांना कधीच कळलं होतं. मला ते खोटं बोलताना बरं वाटत होतं, म्हणून त्यांनी चालू दिलं.

"चूक माजी," ते म्हणाले. "गेरू येकटा लावू नये, असा पोरांना आयुष्यभर सांगत आलो. आणि स्वताच लावला. म्हातारपण, दुसरं काय."

चुना तू आणला नाहीस, असं ते म्हणाले नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आणि मी, चुना मी आणला नाही बाबा, हे एवढं वाक्य, तिथे समोर उभी असून बोलू शकले नाही. बशी घेऊन आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पंचवीस जानेवारीला मी रामआळीत जाऊन कळीचा चुना घेतला. बादलीत भिजवला, तो खदखदून निवल्यावर बाबांचा कुंचला घेतला आणि बागेत गेले. बाग अजून उघडली नव्हती, पहारेकऱ्याने काही विचारलं नाही. बुंध्यावर खालच्या अंगाला गेरू अजून होता, फिकट पडलेला, पण होता. मी त्याच्या खाली एक काठ काढला आणि वर, करवतीच्या कडेला, दुसरा. माझा हात काही बाबांचा नाही, काठ वाकडे आले. चुना नीट ढवळला नव्हता म्हणून हातानेच ढवळला, आणि पुसायला काही नव्हतं.

घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. बाबा टोपी घालून खाटेवर बसले होते. मी हात मागे घेतले, पण त्यांनी बघितलं. बोटं लाल झालेली, नखांच्या कडेला पांढरं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तरी मला बोलायला हवं.

"चुन्यात हात घातलास काय गो?" बाबा म्हणाले. "बस हितं. खोबरेल लावतो."

आणि बाटली घेऊन त्यांनी माझ्या एकेका बोटाला तेल लावलं.